विषय: पाचगावच्या घराला नेट कुणाचं घ्यावं?

पाठवणार: न्यू जर्सी (माहेर पाचगाव)

नमस्कार मंडळी,

गणेशोत्सवाच्या हॉलची चर्चा चालू असताना मध्येच घुसते आहे, पण या ईमेल यादीवर निम्मे लोक कोल्हापूरचे, म्हणून इथंच विचारलेलं बरं.

आई-बाबा मंगळवार पेठेतलं भाड्याचं घर सोडून पाचगावात स्वतःच्या घरात राहायला गेले. कॉलनी अगदी नवी. काही घरं उभी, काहींचे नुसते पिलर उभे, उरलेल्या प्लॉटमध्ये गवत. सध्या मोबाइलच्या डेटावर कसंबसं भागवतात. व्हिडिओ कॉल लावला की बाबांचा चेहरा थिजतो आणि आवाज एकटाच पुढं जातो.

चौकशी केली तर तीन गोष्टी मिळतात असं दिसलं. गल्लीत ज्याची तार आधीच आली आहे तो केबलवाला. स्पीड १०० एमबीपीएस म्हणतो, दर तोंडी सांगतो. दुसरी एक मोठी कंपनी. तिची फायबर (काचेची तार) मुख्य रस्त्यापर्यंत आहे आणि आतल्या गल्लीत 'पंधरा दिवसांत येईल' असं तिचा माणूस उन्हाळा लागल्यापासून सांगतोय. तिसरं म्हणजे गच्चीवर खोकं बसवून फाइव्ह-जीवरनं मिळणारं नेट. दादा म्हणतो, जास्त स्पीडवालं घे आणि मोकळी हो. मी तक्ता करून बसले आहे, पण तक्त्यात सगळेच गुणी दिसतात.

गरज म्हणाल तर नातवंडांशी कॉल, बाबांची मॅच, आईच्या मालिका आणि दारावर एक, मागं एक असे दोन कॅमेरे. कॅमेरे आम्हाला इथनं बघता यायला हवेत. त्या भागातला कुणाला अनुभव आहे का?


पाठवणार: सिंगापूर (सध्या मुक्काम आर. के. नगर)

ताई,

तक्त्यातला स्पीडचा रकाना तेवढा झाकून ठेवा, मग बाकीचं दिसायला लागेल.

व्हिडिओ कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. मॅच एचडीत बघायला आठ-दहा. तुम्ही सांगितलेलं सगळं एका वेळी चालवलं तरी ३० एमबीपीएसमध्ये बसतं. जिओनं २०२० साली ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा प्लॅन काढला, एअरटेलचा ४९९ ला ४० चा आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा, म्हणजे ३९९ चे ४७१ आणि ४९९ चे ५८९ होतात. जाहिरातीत जीएसटी बारीक अक्षरात असतो. केबलवाला याच्याच आगेमागे असणार. म्हणजे भांडण महिन्याला शे-दीडशे रुपयांचं, आणि अमेरिकेतून विचारणाऱ्यानं त्यासाठी तक्ता करू नये.

विचारायचं ते दुसरंच. पहिलं, तार घरात कशाची येते? काही जण फायबर थेट घरातल्या डब्यापर्यंत आणतात. काही जण खांबावर किंवा कुणाच्या तरी गच्चीवर एक पेटी ठेवतात आणि तिथून पुढं साधी तांब्याची लॅन केबल घराघरात सोडतात. ही दुसरी तऱ्हा घ्यायची नाही. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव कसा कडकडाट करत येतो ते तुम्हाला सांगायला नको. खांबावरून आलेल्या तांब्याच्या केबलीतून झटका आत आला की राउटरचं पोर्ट जळतं, कधी त्याला जोडलेला टीव्ही पण जातो. काचेच्या तारेतून वीज येत नाही.

दुसरं, लाईट गेल्यावर काय? ज्यानं त्यानं घरात इन्व्हर्टर बसवलेला असतो, राउटर चालू राहतो, तरी नेट बंद. याचं कारण केबलवाल्याच्या दुकानात. फायबर जिथून निघते त्या यंत्राला ओएलटी म्हणतात. तिथून तुमच्या घरापर्यंत मधे जे स्प्लिटर (एक तार अनेक घरांत वाटणाऱ्या डब्या) असतात त्यांना वीज लागत नाही, पण ओएलटीला लागते. त्याच्याकडं बॅटरी नसेल तर तुमचा इन्व्हर्टर काय कामाचा? 'ओएलटी कुठं आहे आणि लाईट गेल्यावर किती तास चालते' एवढं विचारा. जो अडखळत नाही तो कामाचा गडी.

तिसरं, आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं: तार तुटल्यावर कोण येतो? वाढत्या कॉलनीत तार तुटणार हे धरूनच चालायचं. पाचगाव, मोरेवाडी, कळंबा हा सगळा पट्टा कोल्हापूरला चिकटून वाढला, पण १९७२ ला महापालिका झाली तेव्हापासून हद्दवाढीचं घोंगडं भिजतच पडलंय. त्यामुळं रस्ता एकाचा, पाण्याची लाईन दुसऱ्याची, आणि कुणी कुणाला विचारून खणत नाही. आज गटर, उद्या नळ, परवा कुणाच्या तरी पायाचा जेसीबी. म्हणून बहुतेक तारा जमिनीखालून न जाता खांबांवरूनच लोंबत येतात, आणि खडीचा उंच डंपर आत शिरला की घेऊन जातो.

परवा आमच्याच गल्लीत असं झालं. केबलवाल्याचा पोरगा स्कूटीवरून आला, शिडी लावली, दोन्ही टोकं खाली ओढून घेतली आणि कट्ट्यावर मांडी घालून बसला. वरचं आवरण सोललं, स्पिरिटच्या कापसानं पुसलं, छोट्या कातरणीत टोक कापलं आणि डब्यासारख्या मशीनमध्ये दोन्ही तारा समोरासमोर ठेवल्या. स्क्रीनवर केसाएवढ्या दोन काठ्या दिसतात, त्या आपोआप एका रेषेत येतात, बारीक ठिणगी पडते की झालं. वर नळी चढवून तापवली आणि निघाला. चहासुद्धा घेतला नाही, पुढं दुसरीकडं तार तुटली होती. त्याच डंपरनं मोठ्या कंपनीचीही तार ओढली होती. त्यांच्या ग्राहकाला तक्रार क्रमांक मिळाला, आणि तार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोडली गेली.


पाठवणार: ऑस्टिन (मूळ राजारामपुरी)

काका, तुमच्या गल्लीतला पोरगा नाद खुळा असणार, पण सगळ्यांच्या नशिबी तसला नसतो. मी दुसरी बाजू सांगतो.

मागच्या हिवाळ्यात कोल्हापुरात घरून काम केलं. ऑफिस अमेरिकेचं, म्हणजे माझा दिवस संध्याकाळी सुरू. केबलवाल्याचंच नेट होतं. दुपारी स्पीड टेस्ट केली की ९५ दाखवायचं, आणि रात्री आठला मीटिंगमध्ये बसलो की सगळे म्हणायचे तुझा आवाज डब्यातून येतोय. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, 'यूट्यूब चालतंय का? मग नेट चालू आहे.' खरंच यूट्यूब चालत होतं, तेही फोर-केमध्ये.

हे असं का होतं ते डोक्यात बसायला मला वेळ लागला. यूट्यूबचे व्हिडिओ गूगल जवळपासच्या सर्व्हरवर साठवून ठेवतं, ते बाहेरून आणावे लागत नाहीत. स्पीड टेस्टही जवळचाच सर्व्हर शोधते, कित्येकदा त्याच कंपनीच्या जाळ्यातला. तुमचा अमेरिकेतला कॉल मात्र कोल्हापुरातून मुंबई, तिथून समुद्राखालची केबल असा जातो, आणि त्या वाटेसाठी केबलवाल्यानं वरून किती बँडविड्थ (एका वेळी डेटा वाहून न्यायची क्षमता) विकत घेतली आहे यावर सगळं ठरतं. घरापर्यंतच्या तारेला दोष नसतो. एका फायबरमधून अडीच गिगाबिट येतं आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटतात, तेवढं चालतं कारण सगळे एकदम ओढत नाहीत. वरचा नळच बारीक असेल तर खाली पाइप कितीही जाड टाका.

आणि ताई, तुम्ही न्यू जर्सीहून रविवारी सकाळी साडेदहाला, पोरं उठल्यावर, फोन लावता. तेव्हा पाचगावात रात्रीचे आठ वाजलेले असतात. अख्खी कॉलनी टीव्हीसमोर. नेमकी सगळ्यात वाईट वेळ आपण निवडतो. म्हणून दुपारची टेस्ट बघून पैसे भरू नका. ज्याच्याकडं ते नेट आहे अशा शेजाऱ्याकडं बाबांना रविवारी आठला बसवा, आणि तुम्ही इकडून व्हिडिओ कॉल लावा. वीस मिनिटं बोला. बाकी कुठलीही परीक्षा खोटी.

अजून एक. तोंडी दर म्हणजे बिल नाही, आणि बिल नाही म्हणजे पाच दिवस बंद राहिलं तर त्याचे पैसे कापायचं म्हणायला जागा नाही. तक्रार क्रमांकाला काका हसतात, पण मोठ्या कंपनीशी निदान भांडता तरी येतं.


पाठवणार: यादी व्यवस्थापक

काही उत्तरं चुकून हॉलच्या धाग्यात पडत आहेत. हॉलवाल्यांना ओएलटी म्हणजे काय हा प्रश्न पडला आहे. कृपया विषय तपासून पाठवा.


पाठवणार: दोहा (मूळ कदमवाडी)

पाऊस तोंडावर आहे म्हणून थोडक्यात.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत पुन्हा तोच प्रकार. शिरोलीजवळ महामार्ग बंद, शाहूपुरी-नागाळा पार्कात बोटी. तुमचं पाचगाव उंचावर, तिथं पाणी यायची भीती नाही. पण घर उंचावर असून भागत नाही, तार शहरात कुठून जाते ते बघा. केबलवाल्याची मुख्य लाईन सखल भागातल्या एखाद्या तळघरातून किंवा दुकानातून जात असेल तर ते बुडाल्यावर तुमचं कोरडं घरही बंद. विचारा आणि लिहून ठेवा.

आणि काही झालं तरी घरात दुसऱ्याच कंपनीचं एक सिम कायम रिचार्ज करून ठेवा. महापुरात आमच्याकडं तेच कामी आलं, टॉवरला डिझेल मिळत होतं तोवर.


पाठवणार: सिंगापूर (मुक्काम आर. के. नगर)

ऑस्टिनकरांची रविवारच्या आठची परीक्षा मला एकदम मान्य. ती करूनच घ्या. मोठ्या कंपन्यांची मुंबईपर्यंतची वाट रुंद असते हेही खरं. माझं म्हणणं एवढंच की ती वाट गल्लीत आलेलीच नसेल तर तिच्या रुंदीचं करायचं काय? 'पंधरा दिवसांत' यावर घर बांधू नका. मुख्य रस्त्यापासून आतल्या गल्लीत फायबर आणायला त्यांना पुरेशी घरं दिसावी लागतात, आणि तुमच्याकडं अजून पिलरच जास्त आहेत.

आता गच्चीवरच्या खोक्याबद्दल. लोक म्हणतात पावसात बंद पडतं. ते डिश टीव्हीवरनं डोक्यात बसलेलं आहे. फाइव्ह-जी ज्या ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं तिथं पावसाचा फारसा परिणाम होत नाही. त्याचं दुखणं वेगळं. खोक्याला टॉवर नीट दिसावा लागतो. आज समोर मोकळा प्लॉट आहे, उद्या तिथं पार्किंगवर चार मजले चढले की सिग्नल निम्म्यावर. आणि तुमची कॉलनी वाढते आहे असं तुम्हीच म्हणता. शिवाय टॉवर सगळ्यांचा, मोबाइलवाल्यांचाही.

कॅमेऱ्यांचं गणित मात्र इथं लावा. जिओ एअरफायबरला, म्हणजे त्यांच्या गच्चीवरच्या खोक्याला, महिन्याला १००० जीबीची मर्यादा आहे, घरात येणाऱ्या जिओ फायबरला ३३०० ची. ऐकायला हजार जीबी म्हणजे समुद्र. साधा कॅमेरा २ एमबीपीएसनं चोवीस तास क्लाउडवर रेकॉर्डिंग पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी होतात, महिन्याला ६४८. दोन कॅमेरे म्हणजे १२९६. मॅच, मालिका, नातवंडं सगळी बाजूलाच राहिली, मर्यादा तेवढ्यातच संपली आणि पुढं नेट मुंगीच्या पावलानं. म्हणून रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर किंवा घरातल्या डीव्हीआरवर (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या पेटीवर) ठेवायचं आणि तुम्ही तिकडून फक्त हवं तेव्हा बघायचं.

अशा घरगुती कनेक्शनवर स्वतःचा वेगळा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा घर क्रमांक) बहुतेक मिळत नाही, शेकडो घरं एकाच पत्त्यामागं असतात. त्यामुळं जुन्या डीव्हीआरला बाहेरून थेट जोडण्याची पद्धत चालत नाही. कॅमेरा घेताना क्यूआर कोड मारून ॲपवर दिसणारा घ्या, तो चालतो.


पाठवणार: रेडिंग (माहेर कळंबा)

तुम्ही सगळे खांबावर चढून बसलात, जरा घरात या.

नेट कुणाचंही घ्या, बसवणारा माणूस येतो तो डबा टीव्हीच्या मागं ठोकून जातो, कारण दार तिथं जवळ असतं. आईचा मुक्काम स्वयंपाकघरात, मधे दोन नऊ इंची भिंती. राउटरला दोन पट्टे असतात, ५ गिगाहर्ट्झचा वेगवान पण भिंत ओलांडताना धापा टाकतो, २.४ चा हळू पण आतपर्यंत पोचतो. आईचा फोन कायम वेगवानाला चिकटतो आणि मग ती म्हणते नेट गेलं. डबा घराच्या मध्यावर, माणसाच्या उंचीला लावायला आधीच सांगा. तार जास्त लागते म्हणून तो कुरकुर करेल, करू दे.

तार खिडकीतून आत घेऊ देऊ नका. माझ्या माहेरी घेतली, तेव्हापासून ती खिडकी पूर्ण लागत नाही, आणि कळंब्याचे डास तुम्हाला माहीत आहेत. भिंतीला भोक पाडा.

राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारात. घरभर इन्व्हर्टर नसेल तर तेवढा तरी घ्या, दोन-तीन तास जातात. आणि आईला एक शिकवून ठेवा: डब्यावर 'लॉस' (LOS) लिहिलेला लाल दिवा लुकलुकला तर तार तुटली, केबलवाल्याला फोन. दिवे हिरवे असून चालत नसेल तर डबा बंद करून परत चालू, मग फोन. आमच्या आईला एवढं कळल्यापासून केबलवाला तिला वचकून आहे. 'लॉसचा लाल आहे' असं ती फोनवर म्हणाली की तो पुढं काही बोलतच नाही.

कनेक्शन बाबांच्या नावावर घ्या पण मोबाइल नंबर ज्याच्याजवळ फोन कायम असतो त्याचा द्या, ओटीपी त्यावर येतात. पैसे इकडून भरायचे तर एनआरई-एनआरओ खात्याला (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं) इकडचा नंबर जोडून यूपीआय चालतं. २०२३ च्या सुरुवातीला दहा देशांच्या नंबरांना परवानगी मिळाली, त्यात ब्रिटन, अमेरिका, सिंगापूर, कतार सगळे आले. वर्षाचे एकदम भरू नका, पाचशे रुपये सवलत देतो म्हणाला तरी. पैसे हातात पडल्यावर माणसाची चाल बदलते.

शेवटचं आम्हा युरोपवाल्यांसाठी. २०२५ च्या सप्टेंबरात जेद्दाजवळ तांबड्या समुद्रात केबल तुटल्या तेव्हा आमचे कॉल रखडायला लागले होते. त्या काळात घरच्यांनी केबलवाल्याला धारेवर धरलं. बिचाऱ्याचा काय दोष?


पाठवणार: न्यू जर्सी (माहेर पाचगाव)

सगळ्यांचे आभार. काय झालं ते कळवते.

रविवारची परीक्षा झाली. शेजारच्या काकूंकडं केबलवाल्याचंच नेट आहे. बाबा तिथं आठला जाऊन बसले, वीस मिनिटांचा कॉल नीट झाला, एकदा चित्र अडकलं आणि सुटलं. बाबा आणि काकूंचे यजमान मग मॅच बघत बसले, ते वेगळं.

केबलवाल्याला सगळे प्रश्न विचारले. फायबर थेट घरात. ओएलटी पाचगावातच त्याच्या दुकानात, इन्व्हर्टरवर, चार तास चालते म्हणतो. मुख्य लाईन विद्यापीठाच्या अंगानं वरनंच जाते, शाहूपुरीत उतरत नाही. बिलाचं विचारल्यावर जरा थांबला, मग म्हणाला देतो, पण जीएसटी पडेल. पडू दे म्हटलं. १०० ऐवजी ५० चा प्लॅन घेतला, महिन्याच्या बोलीवर. मोठी कंपनी गल्लीत आली की तिचीही रविवारी परीक्षा घेऊ. दुसऱ्या कंपनीचं सिम आईच्या फोनमध्ये आधीच होतं, त्यावर वर्षाचा रिचार्ज मारला. कॅमेरे कार्डवाले.

आता एकच घोडं अडलं आहे. बाबा भिंतीला भोक पाडू देत नाहीत. नवा रंग, नवी भिंत, ड्रिल लावायचं नाही म्हणजे नाही. तार खिडकीतूनच आणा म्हणतात. माणूस उद्या येणार आहे. काही उपाय?


पाठवणार: सिंगापूर (मुक्काम आर. के. नगर)

एसीसाठी बिल्डरनं भिंतीत पाइप सोडून ठेवलेला असतो, वर प्लास्टिकचं झाकण. एसी बसवलेला नसेल तर तार त्यातूनच घ्या. बाबांना म्हणावं, झाकण तेवढं उघडायचं आहे.